फुगडीला पेलणारं लुगडं

सव्वाआठ मीटर लांब, सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद. चार कोपरे, दोन काठ, एक पदर. शिवण नाही, बटण नाही, नाडी नाही. जुन्या रीतीत आत परकरसुद्धा नाही. एवढ्याशा या आयताकृती कापडावर भरवसा ठेवून श्रावणातल्या मंगळवारी बायका रात्र जागवतात. झिम्म्यात दोन्ही हात उंचावतात, बसफुगडीत उकिडव्या बसून पाय पुढे फेकतात, कोंबडा होऊन अंगणभर उड्या मारतात, पिंगा घालतात. पहाट होते, गजरे विस्कटतात, घसे बसतात, आणि लुगडं मात्र जागच्या जागी असतं. एका सुट्या कापडाने हे कसं साधावं, याचं मला अजूनही नवल वाटतं. ते नवल उलगडून पाहिलं, तर ‘मंगळागौरीला काय नेसू?’ या दरवर्षीच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच सापडतं.

आषाढ संपत आला की हा प्रश्न घरोघरी सुरू होतो. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं मंगळागौर पूजायची, त्यामुळे नव्या सुनेला हौस असते आणि तिच्यापेक्षा तिच्या सासूला, आईला, नणंदेला जास्त असते. बोलणं रंगावरून सुरू होतं, मग जर, मग मॅचिंग, मग फोटो. ‘रात्री काय काय खेळणार?’ हे फारसं कोणी विचारत नाही. खरं तर आधी तेच विचारायला हवं, कारण हा सण दोन भागांचा आहे. सकाळी पाटावर बसून सोळा प्रकारच्या पत्रींनी पूजा करायची, आणि रात्री जागरणाला घाम निथळेपर्यंत खेळायचं. एकाच साडीकडून दोन्हींची अपेक्षा ठेवली की एक काहीतरी फसतं.

आधी काष्टा पाहू, कारण सगळी किमया तिथे आहे. कुठलंही कापड कमरेभोवती गुंडाळलं की एक नळी तयार होते. गोल साडी म्हणजे ही नळी. त्या नळीत दोन पाय असतात आणि पाऊल केवढं टाकायचं, हे नळीचा घेर ठरवतो. चालायला ते पुरतं. पण उकिडवं बसून एक पाय पुढे फेकायचा झाला, की नळी ताठ होते आणि कुठेतरी ओढ बसते: निऱ्या सुटतात, पिन निसटते किंवा बाई पडते. नऊवारीत निऱ्या घातल्यावर खालच्या काठाचा मधला भाग उचलून दोन्ही पायांमधून मागे नेतात आणि कमरेत खोचतात. एवढ्या एका कृतीने एका नळीच्या दोन होतात. कात्री लागत नाही, सुई लागत नाही. खोच सोडली की पुन्हा तोच सपाट आयत, धुऊन वाळत घालायला मोकळा.

विजारीत दोन्ही पाय जिथे जोडले जातात, त्या जागेला शिंपी आसन म्हणतात. विजार फाटते ती बहुधा तिथेच, कारण बसताना-उठताना सगळा ताण त्या एका शिवणीवर येतो. नऊवारीत तशी शिवणच नसते. तिथे कापडाचे पदर एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. गुडघा दुमडला की ते सरकून जागा करून देतात, पाय सरळ झाला की पुन्हा मिटतात. ताण एका ठिकाणी साचत नाही, आठ मीटरभर पसरतो.

माझी आत्या नऊवारी नेसवायची तेव्हा समोरची मुलगी आरशाकडे वळली की तिला रागवायची. ‘आरसा नंतर बघ. आधी पाय फाकव. अजून. हां.’ कमरेभोवती वेढा घेऊन वरच्या कोपऱ्याची गाठ मारताना ती म्हणायची, ‘पोट आत ओढू नकोस गं, श्वास घे नीट, आत्ता ओढलंस तर जेवल्यावर रडशील.’ मग पदर मोजून डाव्या खांद्यावर टाकायचा, मधलं कापड बोटांवर चाळत निऱ्या करायच्या, त्या नाभीपाशी खोचायच्या. काष्ट्याचा काठ ती दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी घडी घालत इतका बारीक करायची की मागे खोचल्यावर जरीची एकच सरळ रेघ दिसावी. आणि शेवटी हुकूम: ‘आता बस. ऊठ. पुन्हा बस. उडी मार.’ उडीनंतर काष्टा ढिला झाला तर सगळं सोडून पहिल्यापासून. ती चाचणी मी आजही सगळ्यांना सांगते. दुकानात, शिंप्याकडे, घरी, कुठेही आरशात पाहण्याआधी बसून आणि उडी मारून बघा.

आता लुगडं जागच्या जागी राहतं कसं, याचं कोडं. भाऊच्या धक्क्यावर बोट लागली की खलाशी दोर खुंटाला दोन-तीन वेढे देतो आणि मोकळं टोक एका हातात सैलसर धरून उभा राहतो. अख्खी बोट त्या दोराला हिसके देत असते, पण त्याच्या हाताला काही जाणवत नाही. कमरेभोवतीच्या वेढ्यांचं गणित हेच आहे. वेढा वाढेल तशी पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. ढोबळ हिशेब करून बघा: घर्षणांक ०.४ धरला, तर एका पूर्ण वेढ्यात पकड साधारण बारापट होते आणि दोन वेढ्यांत दीडशेपट. म्हणजे आतल्या बाजूला एक छोटीशी गाठ पुरते, बाकीचं काम वेढे करतात. आणि आता घर्षणांक निम्मा करा, ०.२. दोन वेढ्यांची पकड दीडशेची निम्मी पंचाहत्तर व्हायला हवी, असं वाटतं ना? ती उतरते बारावर.

गुळगुळीत सिंथेटिक कापडाची नऊवारी खेळताना का सुटते, याचं उत्तर या एका आकड्यात आहे. पॉलिएस्टरचा तंतू काचेच्या कांडीसारखा सरळ आणि गुळगुळीत. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो. त्याला वळणं असतात, कडा असतात, आणि शेजारच्या तंतूला तो धरून राहतो. घाम आला की फरक आणखी वाढतो. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी सामावून घेतो, रेशीम ११ टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. श्रावणातल्या दमट रात्री बंद हॉलमध्ये वीस-पंचवीस जणी झिम्मा खेळत असतात, तेव्हा तो घाम कुठेतरी जायला हवाच. सुती लुगडं तो पितं. सिंथेटिकमध्ये तो अंगावरच राहतो.

फुगडीचा जोर किती असतो, हेही एकदा मोजून पाहण्यासारखं आहे. दोघी हातांची अढी घालून पावलं जवळ आणतात, अंग मागे टाकतात आणि फिरू लागतात. दीड सेकंदाला एक फेरी धरा आणि शरीराचा मध्य फिरण्याच्या अक्षापासून अर्धा मीटर लांब धरा. त्या वेगाला प्रत्येकीला बाहेर फेकू पाहणारी ओढ जवळजवळ तिच्या स्वतःच्या वजनाइतकी होते, आणि ती पेलतात मनगटं आणि पायांचे चवडे. जी गोष्ट अक्षापासून जितकी दूर, तितकी तिच्यावरची ओढ जास्त. म्हणून मोकळा पदर आडवा उडतो आणि तिसरीच्या तोंडावर बसतो. खेळायला उभं राहण्याआधी बायका पदर कमरेला घट्ट खोचतात, आणि त्याच कारणाने लक्ष्मीहार, लांब मंगळसूत्र, मोहनमाळ हे दागिने रात्री काढून ठेवावेत. ठुशी, चिंचपेटी, तन्मणी गळ्यालगत बसतात; फिरताना त्यांना झोका घ्यायला जागाच नसते. गळ्यात काही हवंच असेल तर तेच घाला.

आता कापड. माझं मत सरळ आहे: पूजेला पैठणी, खेळायला इरकल.

पैठणीचा पदर उलटा करून बघा. अस्सल हातमागाच्या पैठणीत तो दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. येवल्याचा किंवा पैठणचा विणकर मोराच्या निळ्या धाग्याची वेगळी कांडी ठेवतो, पानाच्या हिरव्या धाग्याची वेगळी. निळ्याची हद्द संपली की तो धागा शेजारच्या धाग्यात अडकवून मागे वळवतो. आडवा धागा पदरभर धावत नाही, आपापल्या रंगाच्या अंगणातच फिरतो, त्यामुळे मागे सुटे धागे लोंबत नाहीत. एका इंचासाठी किती वेळा हात थांबत असेल, याचा विचार केला की तो पदर जमिनीवर टेकवायचं धाडस होत नाही. त्यातच धूप-छाव असेल तर उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. प्रकाश कुठल्या कोनातून येतो त्याप्रमाणे कधी एक रंग वर येतो, कधी दुसरा. समईसमोर बसलेल्या नव्या नवरीच्या खांद्यावरचा तो पदर ती नुसती वाकली तरी रंग बदलतो. सकाळच्या पूजेला, शांतपणे पाटावर बसायला, याहून सुंदर काही मला माहीत नाही. पण जरीचा जड पदर असलेल्या पैठणीला घामाच्या मीठ-ओलाव्यात आणि धसमुसळ्या फुगडीत ओढू नये.

इरकल ही दिसायला साधी, पण रचनेत विलक्षण. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात इळकल नावाचं गाव आहे. तिथून ही साडी महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या येते आहे, आणि कोल्हापूर-सोलापूरकडच्या कितीतरी आज्यांनी आयुष्यभर दुसरं काही नेसलं नाही. तिच्या अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा बांधतात. जुन्या पद्धतीत अंग सुती आणि पदर रेशमी. मग अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे विणकराच्या घरातले हात मिळून एकमेकांत फास घालून जोडतात, आणि पुढे मागावर कापड सलग विणलं जातं. म्हणजे एकाच साडीत कमरेला जिथे पकड हवी तिथे कापूस, आणि खांद्यावर जिथे झळाळी हवी तिथे रेशीम. लाल पदरावरचे ते पांढरे पट्टे आपण इतकी वर्षं पाहत आलो, पण जोड कुठे आहे हे बोटाने शोधून पाहिलं आहे का? पुढच्या वेळी अंग संपतं तिथे साडी उलटी करून बघा.

दोन्ही नऊवारी मिळतात. घेताना ‘पूर्ण नऊ वार आहे ना?’ हे विचारून, मोजून घ्या. उंच किंवा अंगाने भरलेल्या बाईला आठ वार कमी पडतं, आणि कमी पडतं ते नेमकं काष्ट्यात.

मधून मागे नेलेलं वस्त्र फार जुनं आहे. भारहूत-सांचीच्या शिल्पांत स्त्री-पुरुष दोघांच्याही कमरेला ते दिसतं. भारतात साडी नेसायच्या किती तऱ्हा असाव्यात, हे शोधत शांताल बूलांजे ही फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ बाई गावोगाव फिरली आणि तिने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ऐंशीहून अधिक तऱ्हा नोंदवल्या. त्यांत एका तऱ्हेने आज जवळजवळ सगळा देश व्यापला आहे: परकर, ब्लाउज आणि वर गोल साडी. तिच्या घडणीत मुंबईचाही वाटा आहे. पहिले भारतीय आयसीएस अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर यांची नेमणूक १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी इथे आल्या. इथल्या पारशी बायकांचं नेसणं त्यांनी पाहिलं, त्यात आपले बदल केले आणि ते बंगालमध्ये नेलं. पुढे विसाव्या शतकात मराठी घरांतल्या शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुलींनी गोल पातळ उचललं. बसमध्ये, वर्गात, कचेरीत ते सोयीचं होतं. फुगडी हा तेव्हा रोजचा प्रश्न नव्हता.

आता तो पुन्हा झाला आहे. पुणे, ठाणे, डोंबिवलीत मंगळागौरीचे खेळ सादर करणारे बायकांचे गट आहेत. सोसायट्यांत, महाराष्ट्र मंडळांत स्पर्धा होतात. २०२३ मध्ये केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला, मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरणाऱ्या सहा बहिणींची गोष्ट, आणि चित्रपटगृहांत बायका साड्या नेसून घोळक्याने गेल्या. गुढीपाडव्याला गिरगावात नऊवारी नेसलेल्या मुली बुलेट चालवत शोभायात्रेत निघतात, तीही काष्ट्याचीच करामत. पण नेसवणारी आत्या प्रत्येक घरात उरलेली नाही, म्हणून शिवलेली नऊवारी आली.

तिला नाकं मुरडणाऱ्या बायका मला भेटतात. मला ते पटत नाही. दहा मिनिटांत चढवता येते, सुटण्याची धास्ती नाही, आणि जिने कधी नऊवारी नेसली नसती ती तिच्यामुळे रिंगणात उतरते. याहून मोठं काम कपड्याने काय करायचं! पण तिच्यात शिंप्याचं कसब फार लागतं, कारण जे काम आठ मीटर सैल कापड करत होतं, ते आता शिवणींना करायचं आहे. म्हणून मापं देताना उभ्याने घेतलेल्या मापांवर समाधान मानू नका. आसन खोल ठेवायला सांगा, आणि ते माप खुर्चीत बसून द्या. काष्टा मागे नुसता दिखाव्यापुरता टाचलेला नसावा, त्याच्या आत कापडाचा सैलपणा खरोखर ठेवलेला असावा. कमरेला एकच हूक नको. नाडी किंवा दोन-तीन जागी हुकं हवीत, म्हणजे पुढच्या वर्षीही ती होईल. नेसलेल्या लुगड्याला ही अडचण नव्हती, तेच लुगडं सासूला, सुनेला, गरोदर नणंदेलाही बसायचं. आणि एक विनंती: आजीची जुनी पैठणी किंवा इरकल शिवलेल्या नऊवारीसाठी कापू नका. एकदा कात्री लागली की तिचा आयत गेला. त्यासाठी बाजारातली नवी सुती साडी घ्या.

ब्लाउजकडे तर कोणाचंच लक्ष नसतं, आणि झिम्म्यात सगळ्यात आधी दगा देतो तो ब्लाउजच. मुंढा खोल कापला तर ऐसपैस वाटतो, पण हात वर केला की अख्खा ब्लाउज वर ओढला जातो. मुंढा काखेजवळ, उंच ठेवला की हात हलतो आणि ब्लाउज जागेवर राहतो. ऐकायला उलटं वाटतं, पण शिंप्यासमोर दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघा, लगेच कळेल. खणाचा ब्लाउज घेत असाल तर गुळेदगुड्डचा सुती खण बघा. अंगभर बारीक नक्षी, काठ बाहीला येईल असा.

ज्यांना साडी नकोच आहे, त्यांच्यासाठीही कसोटी तीच. खणाचा कुर्ता आणि खाली खोल आसनाची सलवार, इरकलीचा कुर्ता आणि धोती-सलवार: उत्तम, बसफुगडीसुद्धा होते. अंगाला चिकटणारा सरळ स्कर्ट किंवा तंग ‘साडी गाऊन’ मात्र फोटोपुरता. घागऱ्याचं काय, असं मुली विचारतात. गरब्यात मुख्य हालचाल स्वतःभोवती गिरकी घेण्याची, आणि कळ्याकळ्यांचा घेर गिरकीतच फुलतो. तिथे घागऱ्याला तोड नाही. मंगळागौरीत मात्र आपण उकिडवे बसतो, वाकतो, लोळण घेतो, एकमेकींच्या पायांत पाय अडकवतो. तिथे तोच घेर पायाखाली येतो.

रात्र संपल्यावर साड्या तशाच कपाटात कोंबू नका. पैठणीला घामाचा स्पर्श झाला असेल तर सावलीत, वाऱ्यावर पूर्ण कोरडी होऊ द्या. खरी जर म्हणजे चांदी, आणि दमट हवेत, गंधकाच्या संगतीत चांदी काळवंडते. अत्तराचा फवारा तिच्यावर नको, डांबरगोळीचा स्पर्शही नको. सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर जर घडीवर मोडते. इरकल पहिल्यांदा वेगळी धुवा, तिचा लाल पदर रंग सोडू शकतो. त्यानंतर तिचे काही लाड नाहीत. बुधवारी धुऊन दांडीवर टाकली की पुढच्या मंगळवारी दुसऱ्या कुणाच्या घरच्या जागरणाला तयार.